ग्रहविज्ञानात रिसर्च करायचाय? अर्ज नंतर भरा, आधी एक फोटो उघडा

ग्रहविज्ञानात काहीतरी करायचंय पण सुरुवात कुठून करू, हा प्रश्न डोक्यात असेल तर हे वाचा. बहुतेक जण आधी इंटर्नशिपच्या याद्या शोधत बसतात, धडाधड दहा फॉर्म भरतात आणि मग उत्तराची वाट बघण्यात अख्खं वर्ष जातं. मी म्हणेन क्रम उलटा करा. आधी थोडंसं काम करा, मग अर्ज. कारण या विषयात एक गोष्ट खरंच फार मोठी आहे, यानांनी पाठवलेला डेटा काही काळाने सगळ्यांसाठी फुकट खुला होतो, म्हणजे प्रोफेसर जे फोटो बघतात तेच तुम्ही तुमच्या लॅपटॉपवर बघू शकता.

लुजेंद्र ओझाचं उदाहरण मला कायम आठवतं. अ‍ॅरिझोना विद्यापीठात डिग्रीला असताना तो मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानावरच्या हायराईज कॅमेऱ्याचे फोटो एकमेकांशी ताडून बघत होता, आणि त्याला उतारांवर बारीक काळसर रेषा दिसल्या ज्या गरम ऋतूत वाढतात आणि थंडीत पुसट होतात. 2011 मध्ये त्यावर सायन्स या नियतकालिकात पेपर आला, त्यात त्याचं नाव होतं. त्या रेषा खारट पाण्याच्या की नुसत्या घसरणाऱ्या कोरड्या वाळूच्या, यावर पुढे बराच वाद झाला आणि 2017 नंतर कोरड्या वाळूची बाजू जड झाली, पण ते जाऊ दे. मुद्दा हा की एकाच जागेचे वेगवेगळ्या वेळचे फोटो नीट बघायला पीएचडी लागत नाही, चिकाटी लागते.

डेटा कुठे मिळतो? नासाचं पीडीएस आणि युरोपियन स्पेस एजन्सीचं पीएसए ही डेटाची ऑनलाइन आर्काइव्ह, आणि चांद्रयानाचा डेटा हवा असेल तर इस्रोचं प्रदान पोर्टल, तिथे आधी रजिस्टर करावं लागतं. पण पहिल्याच दिवशी या आर्काइव्हमध्ये उडी मारू नका, फाइलींची नावं आणि फॉरमॅट बघूनच माणूस दमतो. चंद्रासाठी क्विकमॅप हा नकाशा ब्राउझरमध्येच चालतो, मंगळासाठी जेमार्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे, तिथून सुरू करा. नासाचं एलआरओ यान 2009 पासून चंद्राभोवती फिरतंय आणि त्याच्या चांगल्या फोटोत एक पिक्सेल साधारण अर्ध्या मीटरचा असतो, हायराईजमध्ये तर 25 ते 30 सेंटिमीटर.

आता एक छोटं काम करून बघा. चंद्रावरचं एक साधं वाटीसारखं विवर घ्या ज्यात कडेची सावली तळापर्यंत पोचलीये. सावलीची लांबी मोजा, सूर्य क्षितिजापासून किती अंश वर होता ते फोटोच्या माहितीतून काढा, लांबी गुणिले त्या कोनाचा टॅन, झाली खोली. समजा सावली 400 मीटर आणि सूर्य 20 अंशांवर, तर खोली साधारण 146 मीटर. इथे एक गोची आहे ती नीट लक्षात ठेवा. फोटोसोबत बहुतेक वेळा इन्सिडन्स अँगल दिलेला असतो आणि तो क्षितिजापासून नाही तर डोक्यावरच्या उभ्या रेषेपासून मोजतात, म्हणजे तिथे 70 लिहिलं असेल तर सूर्य 20 अंशांवर. ते 70 तसंच टाकलं की खोली 1100 मीटरच्या आसपास येते. म्हणून आकडा आला की विवराचा व्यास बघा, छोट्या साध्या विवराची खोली व्यासाच्या साधारण एक पंचमांश असते, जुनं झिजलेलं असेल तर आणखी कमी. आणि अजून एक, प्रकाश कुठून येतोय ते आधी ठरवा, नाहीतर खड्डा टेकडीसारखा दिसतो.

अशी वीस-तीस विवरं मोजली, एक तक्ता केला, खोली आणि व्यासाचा एक ग्राफ काढला की तुमच्या हातात दाखवण्यासारखं काहीतरी आलं. आणि मोजता मोजता प्रश्न आपोआप पडतात, हे विवर याच्या शेजारच्यापेक्षा एवढं उथळ का, उतारावरची विवरं वेगळी का दिसतात. तो प्रश्न म्हणजे खरं भांडवल.

मग मार्गदर्शक शोधा. त्या प्रश्नावर गेल्या दोन-तीन वर्षांत कोणी पेपर लिहिलेत ते बघा आणि ईमेल करा, आठ-दहा ओळींचाच. मला लहानपणापासून अवकाशाची आवड आहे हे वाक्य काढून टाका, ते प्रत्येकाच्या ईमेलमध्ये असतं. त्याऐवजी त्यांच्या कुठल्या पेपरमधल्या कुठल्या आकृतीवरून प्रश्न पडला ते लिहा, तुमचा ग्राफ एका पानावर जोडा, आठवड्याला किती तास देऊ शकता ते सांगा, आणि मागणी छोटी ठेवा, मोजणीचं किंवा डेटा साफ करायचं एखादं काम आहे का एवढंच. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा नम्रपणे आठवण करा, मग पुढचं नाव. पीएचडी करणाऱ्यांना आणि पोस्टडॉकनाही (पीएचडीनंतर रिसर्च करणाऱ्यांना) लिहा, मोजणीचं रोजचं काम बऱ्याचदा त्यांच्याच हातात असतं.

औपचारिक संधीही आहेत. ह्यूस्टनच्या लूनार अँड प्लॅनेटरी इन्स्टिट्यूटची दहा आठवड्यांची समर इंटर्नशिप या क्षेत्रात नावाजलेली आहे. अमेरिकेतले एनएसएफ या सरकारी विज्ञान संस्थेच्या पैशावर चालणारे आरईयू, म्हणजे डिग्रीच्या विद्यार्थ्यांसाठीचे रिसर्च प्रोग्रॅम तिथल्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठीच असतात, म्हणून कुठलाही फॉर्म भरण्याआधी पात्रतेची ओळ वाचा, चार दिवसांची मेहनत वाचते. उन्हाळ्याच्या इंटर्नशिपचे अर्ज बऱ्याचदा आदल्या हिवाळ्यातच बंद होतात. शाळेत असाल तर आयएएससी या लघुग्रह शोधण्याच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात टीम करून पॅनस्टार्स दुर्बिणीच्या फोटोंत लघुग्रह शोधता येतात, फी काही नाही.

फोटोंत रस नसेल तरी जागा आहे. केमिस्ट्रीवाल्यांसाठी उल्का आणि आणलेले नमुने आहेत, अपोलो मोहिमांनी चंद्रावरून आणलेल्या 382 किलो दगडमातीवर आजही काम चालू आहे. कॉम्प्युटरवाल्यांसाठी तर विवरं आपोआप ओळखणारे प्रोग्रॅम हा स्वतंत्र विषयच झालाय. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा मात्र सगळ्यांनीच शिका, नकाशांसाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर.

थोडं काम जमलं की मार्गदर्शकाला एलपीएससीबद्दल विचारा. ग्रहविज्ञानाची ही परिषद दरवर्षी मार्चमध्ये ह्यूस्टनजवळ भरते, तिचा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (कामाचा सारांश) फक्त दोन पानांचा असतो आणि साधारण जानेवारीच्या सुरुवातीला द्यावा लागतो. दोन पानं छोटी वाटतात, पण त्यात आकृती, पद्धत आणि मोजणीत किती चूक असू शकते ते सगळं बसवायचं असतं, म्हणून ऑक्टोबरमध्येच लिहायला घ्या आणि मोजणीचा तक्ता पहिल्या दिवसापासून जपा, कुठला फोटो नंबर, कुठली तारीख, सूर्याचा कोन किती, सगळं. पहिला प्रश्न त्यावरच येतो.