ब्रेन ट्यूमरमधल्या रक्तवाहिन्या मोजताना: थिसिस घेणाऱ्यांसाठी माझा अनुभव

ज्युनियर्स विचारतात, अँजिओजेनेसिस म्हणजे नव्या रक्तवाहिन्या तयार होणं, त्याच्या मार्कर्सवर (स्लाईडवर रंगवून दिसणाऱ्या खुणांवर) थिसिस घेऊ का, तेव्हा मी आधी उलट विचारते, की तुला नेमकं मोजायचंय काय? कारण मार्कर म्हटलं की दोन पार वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत पडतात, आणि मी स्वतः सिनॉप्सिस लिहिताना त्या एकत्रच केल्या होत्या. सीडी३४ आणि सीडी३१ रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातल्या एंडोथेलियल पेशींना रंगवतात, म्हणजे वाहिनी तिथे आहे एवढं सांगतात. व्हीईजीएफ हे प्रोटीन मात्र मुख्यतः ट्यूमरच्या पेशी तयार करतात, तो वाहिनीला धाडलेला निरोप आहे. निरोप गेला म्हणजे वाहिनी आलीच असं नाही, त्यामुळे एका स्लाईडवर व्हीईजीएफ भरपूर आणि वाहिन्या कमी असं दिसलं तर घाबरू नका, तुमचा स्टेन चुकलाय असं लगेच समजू नका. सीडी१०५, म्हणजे एंडोग्लिन, जागृत झालेल्या, वाढत असलेल्या एंडोथेलियमवर जास्त दिसतो, म्हणून जुन्या शांत वाहिन्या बाजूला ठेवून नव्या मोजायच्या असतील तर तो कामाचा.

पार्श्वभूमी थोडक्यात. जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं की नव्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत तर ट्यूमर एक-दोन मिलिमीटरच्या पुढे फारसा वाढू शकत नाही. ऑक्सिजन कमी पडला की पेशीत एचआयएफ-१ अल्फा साठतो आणि तो व्हीईजीएफचं जीन चालू करतो, ऑक्सिजन ओळखण्याच्या याच यंत्रणेच्या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं. पण हे पाठ करण्याआधी ग्लायोब्लास्टोमाची, म्हणजे ग्रेड ४ च्या, सगळ्यात आक्रमक ब्रेन ट्यूमरपैकी एकाची, साधी एच अँड ई (नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाची) स्लाईड घेऊन बसा. मध्ये मेलेला भाग, त्याच्या कडेने ट्यूमरच्या पेशी दाटीवाटीने रांगेत उभ्या, आणि थोडं पुढे सरकलं की वाहिन्यांचे गुच्छ, मूत्रपिंडातल्या ग्लोमेरुलससारखे गुंडाळलेले. त्या रांगेतल्या पेशींमध्येच व्हीईजीएफ सगळ्यात जास्त असतो. मी हे वाचलं दहा वेळा असेल, पण कळलं ते त्याच ब्लॉकच्या (मेणात बसवलेल्या टिश्यूच्या) लागोपाठ कापलेल्या दोन सेक्शनवर व्हीईजीएफ आणि सीडी३४ शेजारी ठेवून बघितल्यावर. आधी महिनाभर फक्त एच अँड ईवर वाहिन्या ओळखायला शिका, मग ठराविक प्रोटीनला चिकटून ते ब्राऊन रंगवणारी अँटिबॉडी मागवा.

आता लॅबचं. ब्रेनचा टिश्यू नाजूक असतो, त्यात ऑपरेशनमध्ये कॉटरीने भाजलेला किंवा सक्शनने तुटलेला भागही येतो, आणि भाजलेल्या कडेला ब्राऊन रंग उगाच चढतो, ती जागा मोजायची नाही. ब्लॉक निवडताना ज्यात जिवंत ट्यूमर भरपूर आहे तो घ्या, नुसतं नेक्रोसिस (मेलेला टिश्यू) असलेला ब्लॉक घेऊन सेक्शन कापत बसलात तर अँटिबॉडी वाया जाते. सेक्शन ३ ते ४ मायक्रॉनचे, कोटिंग केलेल्या स्लाईडवरच घ्या, नाहीतर अँटिजेन रिट्रीव्हलच्या, म्हणजे अँटिबॉडी चिकटायची जागा मोकळी करायच्या, गरम बफरमध्ये टिश्यू सुटून तरंगायला लागतो. प्रत्येक बॅचला कंट्रोल, म्हणजे नक्की रंगणारा टिश्यू, लावा, सीडी३४ साठी टॉन्सिल चालतो, शिवाय सेक्शनमधल्या नॉर्मल वाहिन्या हा आतलाच कंट्रोल असतो, त्या रंगल्या नाहीत तर ती स्लाईड बाद. आणि टेक्निशियनशी नीट बोला, बफरचा पीएच किती, अँटिबॉडी किती पातळ केली हे सगळं पहिल्या दिवसापासून वहीत लिहा.

माझं खरं घोडं अडलं ते मोजणीत. पद्धत जुनी आहे, वाइडनर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ब्रेस्ट कॅन्सरमध्ये वापरलेली. लो पॉवरवर स्लाईड पूर्ण फिरून सगळ्यात जास्त वाहिन्या असलेली जागा, म्हणजे हॉट स्पॉट शोधायचा, मग २० च्या ऑब्जेक्टिव्हवर मोजायचं. आतली पोकळी दिसायलाच पाहिजे असं नाही, शेजाऱ्यापासून सुटी दिसणारी एकच ब्राऊन पेशीसुद्धा एक वाहिनी धरतात. ऐकायला सोपं वाटतं, पण ग्लायोब्लास्टोमातला तो ग्लोमेरुलससारखा गुच्छ समोर आला की काय करायचं? एक धरायचा की त्यातल्या पाच-सहा पोकळ्या वेगवेगळ्या? सुरुवातीच्या केसेसमध्ये मी पूर्ण गुच्छ एक धरला, पुढे एक पेपर वाचला आणि पोकळ्या सुट्या मोजायला लागले, आणि हे लक्षात आलं तेव्हा निम्म्याहून जास्त केसेस झाल्या होत्या. सगळ्या स्लाईड्स पहिल्यापासून परत मोजल्या, त्याआधी दिवाणखान्यात तक्ता टांगावा तसा नियम लिहून मायक्रोस्कोपसमोर चिकटवला: गुच्छ म्हणजे एक, जाड स्नायूची भिंत असलेली वाहिनी सोडायची, नेक्रोसिसला लागून असलेलं फील्ड घ्यायचं नाही. तुमचा नियम वेगळा असू शकतो, पण तो पहिली स्लाईड मोजायच्या आधी ठरलेला पाहिजे.

दुसरं, लेबल झाका. केस ग्रेड ४ ची आहे हे माहीत असलं की डोळा आपोआप जास्त दाट फील्डवर थांबतो, हे मी दुसऱ्या मोजणीत नंबर लपवून बघितलं तेव्हा समजलं. सीनियरला आधी दहाच स्लाईड्स मोजायला द्या, दोघांचे आकडे जुळत नसतील तर पुढे जाऊ नका, एकत्र बसून नियम परत ठरवा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कोणी सांगितलं नाही. "ग्रेड वाढला की वाहिन्यांची घनता वाढते" हा निष्कर्ष बहुतेक थिसिसमध्ये असतो, पण मायक्रोव्हॅस्क्युलर प्रोलिफरेशन (बारीक वाहिन्यांची ती गुच्छासारखी वाढ) हाच मुळात ग्रेड ठरवायचा एक निकष आहे! वाहिन्या बघून ग्रेड ४ म्हणायचं आणि मग ग्रेड ४ मध्ये वाहिन्या जास्त सापडल्या म्हणायचं, यात नवीन काय? डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या वर्गीकरणात मोठ्या माणसांमधला आयडीएच-वाइल्डटाइप (आयडीएच जीनमध्ये बदल नसलेला) डिफ्यूज, म्हणजे आजूबाजूला पसरत जाणारा, अ‍ॅस्ट्रोसायटोमा टर्ट प्रमोटर म्युटेशन, ईजीएफआर अ‍ॅम्प्लिफिकेशन किंवा क्रोमोसोम ७ वाढणं आणि १० जाणं या जनुकीय बदलांपैकी काही असलं तरी ग्लायोब्लास्टोमा ठरतो, वाहिन्यांची वाढ दिसली नाही तरी. अशा केसेसमध्ये सीडी१०५ काय दाखवतो हा प्रश्न मला खरंच घेण्यासारखा वाटतो. आयडीएचची माहिती नसलेल्या जुन्या केसेस मात्र घेऊ नका.

फसवणाऱ्या जागा पण आहेत. पायलोसिटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा ग्रेड १ असतो आणि त्यातही अगदी तसेच गुच्छ दिसतात, म्हणजे वाहिन्या जास्त म्हणून ट्यूमर वाईट असं समीकरण इथे मोडतं. सीडी३४ गँगलिओग्लायोमामध्ये वाहिन्या सोडून पेशींवरही येतो, सॉलिटरी फायब्रस ट्यूमरमध्ये तर ट्यूमरच रंगतो. सीडी३१ मॅक्रोफेजवर येतो, नेक्रोसिसजवळ जास्तच जपून.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, बेव्हॅसिझुमॅब हे औषध हमखास विचारतात. व्हीईजीएफला अडवणारी ही अँटिबॉडी, अमेरिकेत २००९ मध्ये परत उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमासाठी मंजूर झाली, पण नव्याने निदान झालेल्या पेशंटांवरच्या २०१४ मध्ये छापून आलेल्या दोन मोठ्या ट्रायल्समध्ये आजार वाढायला वेळ जास्त लागला तरी एकूण आयुष्य वाढलं नाही. पुढचा प्रश्न येतो, मग एमआरआय इतका सुधारलेला का दिसतो? तेव्हा सांगा की व्हीईजीएफची पहिली ओळखच १९८३ मध्ये वाहिन्या गळक्या करणारा घटक अशी झाली होती, तो अडवला की गळती थांबते, सूज उतरते, कॉन्ट्रास्ट बाहेर झिरपत नाही, आणि ट्यूमर तेवढाच असून स्कॅनवर लहान दिसतो. मला हेच विचारलं होतं, आणि तेव्हा डोळ्यासमोर त्या शेजारी ठेवलेल्या दोन स्लाईड्सच आल्या.