डिसेंबरात घरी येताय? या चुका टाळा

परदेशात राहणाऱ्यांना मोठी रजा मिळते ती बहुधा नाताळाला जोडून. पंधरा-अठरा दिवसांची रजा, त्यातले दोन-तीन दिवस प्रवासातच जातात. निघायच्या दिवशी आई म्हणते, "आलात कधी नि चाललात कधी, कळलंच नाही." दिवस कमी पडले म्हणून ती असं म्हणते, असं वाटतं. पण बऱ्याचदा माणूस घरात असतो आणि घड्याळ तिकडचंच चालू असतं, हे तिचं खरं दुखणं असतं.

पहिल्या तीन दिवसांत भेटीगाठी ठेवणं

हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, कॅलिफोर्निया साडेतेरा तास. शरीराची झोप दिवसाला साधारण तासभरच सरकते. म्हणून सुरुवातीला रात्री दोनला टक्क जाग येते आणि दुपारी चारला डोळे मिटतात. नेमकं याच दिवसांत मावशीकडचं जेवण आणि शाळेतल्या मित्रांची भेट ठरवली, की होणारी चिडचिड निघते ती आई-बाबांवर. पहिले तीन दिवस बाहेरचं काहीच घेऊ नका. दुपारी झोप अनावर झालीच तर तीनच्या आत, गजर लावून, अर्धा तास झोपा.

पहाटे जाग आली तर मोबाइल न उघडता स्वयंपाकघरात जा. घरातली वडीलधारी माणसं बहुधा पाचला उठलेलीच असतात. पाहुणे नाहीत, टीव्ही नाही, आधण ठेवलेलं. दिवाणखान्यात कधीच न निघणारे विषय या चहावर निघतात. जेटलॅग जाईपर्यंत ही वेळ आयती मिळते, ती वाया घालवू नका.

"इथूनच थोडं काम करतो"

न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे इथले संध्याकाळचे साडेसात, पानं घ्यायची वेळ. लंडनचे नऊ म्हणजे इथले दुपारचे अडीच. कॅलिफोर्नियाचे नऊ वाजतात तेव्हा इथे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. जेवण वाचतं, पण जागरणामुळे पहाटेचा चहा बुडतो. काम टळणारच नसेल तर वार आणि तास निघण्याआधीच ठरवून घ्या आणि घरी सांगून ठेवा. "पाच मिनिटांत आलो" म्हणून तासभर न येणं सगळ्यात वाईट, कारण तेवढा वेळ सगळे ताटं झाकून थांबतात.

फोन जेवणाच्या टेबलावर उलटा ठेवून उपयोग नाही, मन तिकडेच राहतं. तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. तातडीचा फोन चुकेल ही भीती असेल तर 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये जवळच्या चार-पाच नंबरांना परवानगी द्या आणि लागोपाठ दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजू देण्याची सोय चालू ठेवा. आयफोनवर ती तीन मिनिटांत आलेल्या दुसऱ्या कॉलला लागू होते, अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत आलेल्या.

बोलणं होत नाही, कारण ऐकूच येत नाही

बाबा अबोल झालेत, असं वाटतं. खूपदा ते अबोल झालेले नसतात, त्यांना नीट ऐकू येत नसतं. वयाबरोबर आधी बारीक, उंच आवाज कमी होतात. स, श, फ, त, थ निसटतात. आवाज येतो, पण शब्द लागत नाही. अशात चौघं एकदम बोलायला लागली की माणूस नुसता हसून मान डोलावतो. ओरडल्याने शब्द आणखी बिघडतात. टीव्ही आणि मिक्सर बंद करा. सोफ्यावर शेजारी बसण्यापेक्षा समोर खुर्ची घ्या, तीन-चार फुटांवर, तुमच्या तोंडावर उजेड पडेल अशी. वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा म्हणण्यापेक्षा शब्द बदलून सांगा. आणि "जाऊ दे, काही नाही" हे कधीही म्हणू नका.

"कसे आहात?" याला "बरं आहे" यापलीकडे उत्तर येत नाही. त्यापेक्षा जुना अल्बम काढा. एका बैठकीत दहा-बारा फोटो पुरेत. मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, अंदाजे साल लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. आवाज टिपायचा असेल तर विचारून, फोन विमान मोडवर टाकून, घडी केलेल्या नॅपकिनवर ठेवा.

नुसतं बसून बोलायचं ठरवणं

हाताला काम असलं की बोलणं आपोआप होतं. थंडीत घरोघरी डिंकाचे लाडू होतात, आणि त्यांना माणसं लागतातच: एकाने खोबरं किसायचं, एकाने खारीक कुटायची, एकाने डिंक तळायचा. डिंक मूठभरच तुपात सोडा, आच मंद ठेवा. घाईने जास्त टाकला तर आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. आईचं माप 'अंदाजाने' असतं, म्हणून तिची वाटी आधी वजनकाट्यावर ठेवा. मग मिश्रण गरम असतानाच सगळ्यांनी मिळून वळायला बसा.

नातवंडांचं मराठी कच्चं असेल तर प्रत्येक वाक्य भाषांतर करून सांगत बसू नका, पत्ते काढा. पाच-तीन-दोनला तिघं लागतात, आजोबा आणि दोन मुलं. पत्ते तीस: एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत सगळे, शिवाय बदाम आणि इस्पिकची सत्ती. 'हुकूम' आणि 'हात' हे शब्द दुसऱ्या डावापर्यंत पाठ होतात. चुलतभावंडांना मात्र आधी विचारून घ्या. बऱ्याच मराठी शाळांना मोठी सुट्टी दिवाळीत असते, नाताळात नसते.

कामांची यादी आणि कपाटाची सफाई

बँक, डॉक्टर, गॅसचं पुस्तक: ही कामं खरीच असतात, पण रोज थोडी केली की सगळी सुट्टी खातात. दोन सकाळी राखून ठेवा. २५ डिसेंबर आणि दुसरा-चौथा शनिवार बँक बंद असते, हे धरून आखा. आणि न विचारता कपाट उपसू नका. तुम्हाला जी रद्दी वाटते ती त्यांनी जपलेली असते.

शेवटच्या दिवसाचा हिशोब चुकणं

मुंबईहून अमेरिका-युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ५ तारीख, १:३० असेल तर घर ४ तारखेलाच सोडायचं असतं. तीन तास आधी विमानतळावर, पुण्याहून वाटेत चार तास आणि रहदारीसाठी थोडे जास्त. म्हणजे संध्याकाळी सहाच्या आत गाडी दारात हवी. रात्रीचं जेवण धरलेलं असतं, ते होत नाही. म्हणून बॅगा ३ तारखेच्या रात्रीच बंद करा आणि ४ तारखेला दुपारी सगळ्यांनी एकत्र जेवायला बसा.