सोनोग्राफी पाहत बायोप्सी करताना: आधी सुईचे टोक, मग पुढची हालचाल

सोनोग्राफीच्या आधाराने बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी सुईने ऊतीचा नमुना घेणे, शिकणाऱ्या निवासी डॉक्टरला सुरुवातीला असे वाटते, की पडद्यावर पांढरी रेघ उमटली म्हणजे सुई सापडली. या समजुतीइतकी धोक्याची दुसरी गोष्ट या कामात नाही. प्रोबमधून, म्हणजे त्वचेवर टेकवायच्या सोनोग्राफीच्या उपकरणातून, खाली जाणारा ध्वनिलहरींचा थर (प्रतल) काही मिलिमीटरच जाड असतो, आणि सुई त्याला तिरकी छेदून गेली तर तिचा आत सापडलेला मधला भागच दिसतो. त्या भागाचा शेवट हुबेहूब टोकासारखा भासतो, खरे टोक मात्र कदाचित एखाद्या रक्तवाहिनीशी पोहोचलेले असते. टोक ओळखल्याशिवाय सुई एक मिलिमीटरही पुढे नेऊ नये, हा नियम मी शिकवताना सर्वांत आधी सांगतो.

तयारीची सुरुवात जुन्या तपासण्यांपासून करावी. सीटी किंवा एमआरआय उपलब्ध असेल तर तो स्वतः पाहावा, नुसत्या अहवालावर विसंबू नये. यकृत किंवा मूत्रपिंडासारख्या खोल अवयवाची बायोप्सी असेल तर प्लेटलेटची संख्या ५०,०००पेक्षा अधिक आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) साधारण १.५ ते १.८च्या आत असल्याची खात्री करावी. थायरॉइड किंवा मानेतील वरवरच्या गाठीसाठी हे निकष इतके कडक नसतात. क्लोपिडोग्रेलसारखे रक्ताची गुठळी होऊ न देणारे औषध खोल बायोप्सीपूर्वी सहसा पाच दिवस बंद ठेवतात, परंतु रुग्णाच्या हृदयात स्टेंट असेल तर हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय कधीही घेऊ नये. रुग्णाला प्रक्रिया, तिचे धोके आणि बायोप्सी गनचा (स्प्रिंगच्या झटक्याने सुई पुढे सोडून नमुना कापणाऱ्या उपकरणाचा) ‘खट्’ असा होणारा आवाज हे सारे आधी समजावून लेखी संमती घ्यावी. त्या आवाजाची पूर्वकल्पना नसलेला रुग्ण नेमक्या नको त्या क्षणी दचकतो.

वरवरच्या गाठींसाठी ७ ते १५ मेगाहर्ट्‌झचा सरळ प्रोब आणि पोटातील अवयवांसाठी २ ते ५ मेगाहर्ट्‌झचा वक्र प्रोब वापरावा. निर्जंतुकीकरणापूर्वी गाठ पुन्हा एकदा सर्व बाजूंनी पाहावी, मार्ग ठरवावा आणि त्या मार्गावर कलर डॉप्लर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोय) लावून आडवी येणारी रक्तवाहिनी शोधावी. याच वेळी यंत्राची जागाही ठरवावी. डॉक्टरचे डोळे, सुई आणि पडदा एका रेषेत असले पाहिजेत. पडदा पाठीमागे किंवा बाजूला ठेवून मान वळवत काम केले, की हात नकळत सरकतो आणि टोक प्रतलाबाहेर जाते.

प्रोबवर निर्जंतुक आवरण चढवताना आतल्या जेलमध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, कारण हवेपलीकडे काहीच दिसत नाही. भूल देण्याच्या सिरिंजमधील हवाही याच कारणासाठी पूर्णपणे काढावी. गाठीच्या वर दोन बुडबुडे सुटले तरी त्यांच्या सावलीत गाठ हरवते. भूल देणाऱ्या एक टक्का लिग्नोकेनच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते, आणि ॲड्रिनॅलिन नसताना वजनाच्या दर किलोमागे ४.५ मिलिग्रॅम ही मर्यादा धरतात. प्रत्यक्षात ५ ते १० मिलिलिटर बहुधा पुरतात. औषध सोडण्यापूर्वी दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना, हे पाहावे. यकृतासाठी त्वचेइतकीच यकृताच्या आवरणापाशीही भूल पोहोचली पाहिजे. भूल देण्याची बारीक सुई ही मुख्य सुईची रंगीत तालीम समजावी: तोच बिंदू, तोच कोन.

आता कोनाविषयी. ध्वनिलहरी सुईवर आदळून सरळ प्रोबकडे परतल्या तरच सुई ठळक दिसते, म्हणून ती प्रोबच्या पृष्ठभागाला जितकी समांतर, तितकी स्पष्ट. समजा गाठ ३ सेंटिमीटर खोल आहे. गाठीच्या अगदी वरच्या बिंदूपासून ३ सेंटिमीटर दूर सुई टोचली तर ती ४५ अंशांत जाते आणि त्वचेपासून गाठीपर्यंतचा मार्ग सुमारे ४.२ सेंटिमीटर होतो. प्रोबला खेटून टोचल्यास मार्ग कमी होतो, पण सुई इतकी उभी जाते की ती जवळजवळ दिसेनाशी होते. थोडा लांबचा मार्ग पत्करून सुई स्पष्ट दिसणे मला नेहमीच श्रेयस्कर वाटते.

सुई प्रोबच्या लांबीच्या मध्यरेषेखालून न्यावी आणि टोक हरवताच तिथेच थांबावे. मग पडद्याकडे नव्हे, आपल्या हातांकडे पाहावे, कारण निम्म्याहून अधिक वेळा सुई आणि प्रोब एका रेषेत नसल्याचे नुसत्या डोळ्यांनीच कळते. त्यानंतर सुई स्थिर ठेवून फक्त प्रोब हलवावा: आधी बाजूला किंचित सरकवावा, मग फिरवावा, मग कलवावा. दोन्ही हात एकाच वेळी हलवणारा डॉक्टर सुईचा पाठलाग करत राहतो आणि ती त्याला सापडत नाही. तरीही टोक दिसले नाही तर सुई जागच्या जागी अगदी थोडी मागेपुढे हलवून ऊतीची हालचाल पाहावी किंवा पोकळ सुई असल्यास थोडे सलाइन सोडावे.

गन डागण्यापूर्वी टोकापुढची जागा मोजणे अत्यावश्यक आहे. २२ मिलिमीटर झेप घेणारी गन टोकापुढे तेवढेच अंतर क्षणात कापते. तेवढी सुरक्षित जागा नसेल तर कमी झेपेची गन घ्यावी. प्रोब ९० अंशांत फिरवून आडवे दृश्यही पाहावे. सुई आता ठिपक्यासारखी दिसेल आणि तो ठिपका गाठीच्या आतच असला पाहिजे.

प्रत्येक अवयवाची मागणी वेगळी असते. स्तनाच्या कोर बायोप्सीसाठी (ऊतीचा दंडगोल तुकडा, म्हणजे ‘कोर’, काढण्यासाठी) सहसा १४ गेजची सुई (गेजचा आकडा जितका लहान, तितकी सुई जाड) वापरतात आणि ती छातीच्या भिंतीला समांतर ठेवतात, अन्यथा फुप्फुसाला इजा होऊ शकते. यकृतासाठी १६ किंवा १८ गेजची सुई बरगड्यांमधून न्यायची झाल्यास ती खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून न्यावी, कारण बरगडीखालच्या कडेने शीर, धमनी आणि चेता जातात. यकृताच्या पृष्ठभागावरील गाठीत थेट न शिरता थोड्या निरोगी यकृतातून जावे, म्हणजे रक्तस्राव दबतो. मध्यभागी सडलेल्या गाठीचा नमुना नेहमी कडेच्या जिवंत भागातून घ्यावा.

नमुना हाती आल्यावर घाई करू नये. कोर फॉर्मॅलिनमध्ये सलग आणि पांढुरका राहिला तर बहुधा चांगला असतो. तुकडे होऊन तरंगणारा नमुना बऱ्याचदा चरबीचा असतो. क्षयरोगाची शंका असेल तर कल्चरसाठीचा (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठीचा) भाग फॉर्मॅलिनमध्ये मुळीच टाकू नये, तो सलाइनमध्ये पाठवावा. लिम्फोमाची (लसिका पेशींच्या कर्करोगाची) शंका असल्यास फ्लो सायटोमेट्रीसाठीही (पेशींचा प्रकार ओळखणाऱ्या तपासणीसाठीही) ताजा नमुना लागतो. बारीक सुईने घेतलेल्या नमुन्याची काचपट्टी करताना सुईला लागलेले जेल आधी पुसावे, कारण त्या जेलचे डाग सूक्ष्मदर्शकाखाली पेशी झाकून टाकतात.

शेवटी जागा काही मिनिटे दाबून धरावी आणि सोनोग्राफीने रक्त साठले आहे का, ते पुन्हा पाहावे. यकृताच्या बायोप्सीनंतर रुग्णाला काही तास देखरेखीखाली ठेवून नाडी आणि रक्तदाब नोंदवत राहावे. घरी जाताना त्याला स्पष्ट सांगावे, की पोट फुगणे, चक्कर येणे किंवा वाढत जाणारी वेदना यांपैकी काहीही जाणवले तर सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालयात परत यावे.