फिनॉलिक रेझिनपासून ग्लासी कार्बन: साच्यापासून भट्टीपर्यंत

कुकरची काळी मूठ आणि प्रयोगशाळेतील ग्लासी कार्बनची, म्हणजे काचेसारख्या चमकदार काळ्या कार्बनची, मूस या दोन वस्तूंचे मूळ एकच आहे, ते म्हणजे फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यापासून बनणारे फिनॉलिक रेझिन. मूठ गरम साच्यात दाबाखाली काही मिनिटांत तयार होते. ग्लासी कार्बनच्या लहानशा चकतीला मात्र सुमारे दोन आठवडे लागतात. रेझिन पक्के होताना पाण्याची वाफ सुटते आणि पक्के झालेले रेझिन भट्टीत जळकटू लागले की आणखी कितीतरी वायू सुटतात. या वायूचे काय करायचे हा प्रश्न ज्याने सोडवला त्याला वस्तू साधली, असेच या दोन्ही शोधांच्या बाबतीत घडले आहे. विद्युत्-रसायनाच्या प्रयोगांसाठी लागणारी, १० मिलिमीटर व्यासाची आणि दीड मिलिमीटर जाडीची ग्लासी कार्बनची चकती कशी करावी हे येथे सांगायचे आहे. त्याआधी साच्यातील दाबाचे तत्त्व समजून घेणे आवश्यक आहे, कारण भट्टीत काय करू नये हे त्यावरूनच कळते.

अडोल्फ फॉन बायर यांनी १८७२ मध्ये फिनॉल आणि अल्डिहाइड यांच्या संयोगातून राळेसारखा चिकट पदार्थ होतो हे नोंदवले होते. तो पदार्थ तापवून घट्ट करू पाहणाऱ्यांच्या हाती मात्र पुढची तीसेक वर्षे बुडबुड्यांनी भरलेला, फेसाळ गोळाच येत असे. बेल्जियममधील गेंट येथे जन्मलेले लिओ बेकलंड यांनी न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स येथील आपल्या प्रयोगशाळेत यावर उलटा विचार केला. फेस येतो म्हणून इतर लोक तापमान कमी ठेवत होते, तर बेकलंड यांनी तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर नेले आणि बाहेरून दाब दिला, त्यामुळे वाफेला फुगून बुडबुडे करण्यास वावच उरला नाही. या ‘उष्णता आणि दाब’ पेटंटचा अर्ज त्यांनी जुलै १९०७ मध्ये केला आणि ७ डिसेंबर १९०९ रोजी ते मंजूर झाले. त्यासाठी वापरलेले ‘बॅकेलायझर’ हे वाफेचे जाड पात्र आजही अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेत जतन केलेले आहे.

साच्यात दाबून वस्तू करण्याची आजची पद्धत याच तत्त्वावर चालते. यासाठी नोव्होलॅक प्रकारचे रेझिन घेतात. त्यात फॉर्मल्डिहाइड कमी आणि फिनॉल जास्त असल्यामुळे ते नुसते तापवून पक्के होत नाही, म्हणून त्यात ते पक्के करणारे हेक्सामीन ८ ते १५ टक्के आणि भरीला बहुधा लाकडाचा बारीक भुसा घालून पावडर तयार करतात. साचा १६० ते १७५ अंशांपर्यंत तापवावा, मोजून घेतलेली पावडर शक्य असल्यास आधी ९० ते १०० अंशांवर गरम करून भरावी, प्रेस बंद करावी, आणि काही सेकंदांतच साचा किंचित उघडून लगेच पुन्हा मिटावा. या क्षणभर उघडण्याला कारागीर ‘ब्रीदिंग’ म्हणतात. हेक्सामीनमधून सुटणारा अमोनिया आणि वाफ त्या वेळी फस्सकन बाहेर पडते. ती पडली नाही, तर प्रेस उघडल्यावर वस्तूच्या पृष्ठभागावर फोड दिसतात. दाब साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला १५० ते ३०० किलो असतो आणि दर मिलिमीटर जाडीमागे ३० ते ६० सेकंद द्यावे लागतात. हे थर्मोसेट, म्हणजे एकदा पक्के झाले की पुन्हा न वितळणारे, असल्यामुळे साचा थंड होण्याची वाट पाहावी लागत नाही. वस्तू गरम असतानाच बाहेर काढावी आणि कडेची फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेली पातळ पट्टी, कानशीने घासून घ्यावी.

हीच पावडर दाबून, मग भट्टीत घालून ग्लासी कार्बन मिळेल का, असे अनेक जण विचारतात. मिळणार नाही. लाकडाच्या भुशाचा सच्छिद्र कोळसा होतो आणि मागे राख राहते, हेक्सामीनमुळे अडकलेला वायू आत राहतो, आणि पावडरीचे दाणे जिथे जुळले त्या जागा भट्टीत उलतात. ग्लासी कार्बनसाठी भराव नसलेले, द्रवरूप, रेझोल प्रकारचे रेझिन घ्यावे. यात फॉर्मल्डिहाइडचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे बाहेरून काही न घालता केवळ उष्णतेने ते पक्के होते. खरेदी करताना दोन गोष्टी विचाराव्यात: द्रावक किती आहे आणि उत्प्रेरक कोणता वापरला आहे. कॉस्टिक सोडा वापरलेल्या रेझिनमधील सोडियम शेवटी कार्बनमध्ये राहते, म्हणून इलेक्ट्रोडसाठी अमोनिया किंवा अमाइन वापरून केलेले रेझिन बरे. फिनॉल आणि फॉर्मलिन (फॉर्मल्डिहाइडचे पाण्यातील द्रावण) आणून रेझिन स्वतः शिजवण्याच्या फंदात मात्र पडू नये, असे मी अत्यंत कळकळीने सांगतो. ही अभिक्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते आणि हाताबाहेर गेली की भांडे उसळते. शिवाय फिनॉल कातडीतून शरीरात शिरते आणि फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे. तयार रेझिनमध्येही या दोहोंचा अंश असतो, म्हणून हातमोजे, चष्मा आणि धूर खेचणारे कपाट यांच्याविना बाटली उघडू नये.

साचा ठरवताना आकसणे धरावे लागते. भट्टीतून निघताना चकती प्रत्येक दिशेने २० ते २५ टक्के आकसते. २२ टक्के धरले, तर १० मिलिमीटरच्या चकतीसाठी १० भागिले ०.७८, म्हणजे १२.८ मिलिमीटर व्यासाचा साचा हवा, आणि दीड मिलिमीटरसाठी २ मिलिमीटर खोली हवी. साचा टेफ्लॉनचा करावा आणि त्याचा तळ आरशासारखा गुळगुळीत असावा, कारण तळावरची प्रत्येक रेघ अंतिम कार्बनवर उमटते. साचा वरून उघडा असावा. येथे बेकलंड यांच्या मार्गाने जाता येत नाही, कारण दाबाने वाफ रेझिनमध्येच कोंडली, तर ती पुढे भट्टीत आपला सूड उगवते. चकती पातळ आणि वर उघडी ठेवून वाफेला हळूहळू निघून जाऊ द्यावे लागते.

रेझिन ५० अंशांवर किंचित पातळ करून निर्वात पात्रात ठेवावे. प्रथम फेस वर येतो, मग मोठे बुडबुडे फुटतात आणि शेवटी पृष्ठभाग शांत होतो. शांत झाल्यावर आणखी दहा मिनिटे थांबावे, मग काचेच्या कांडीच्या आधाराने साच्याच्या कडेवरून सावकाश ओतावे. त्यानंतर साचा ६० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन ते तीन दिवस ठेवावा. सुईचे टोक रुतत नाही इतके रेझिन आळले, की ८० अंशांवर एक दिवस, १०० अंशांवर एक दिवस, आणि तेथून तासाला दोन अंशांच्या गतीने १६० अंशांपर्यंत न्यावे. रंग मधासारखा पिवळा असतो, तो आधी तांबूस आणि मग गडद लालसर तपकिरी होतो. पक्की झालेली चकती उजेडासमोर धरावी आणि भिंगातून पाहावी. टाचणीच्या टोकाएवढा एकही बुडबुडा दिसला, तर ती चकती बाजूला काढावी, कारण भट्टीत तो बरा होत नाही. घाईने थेट १०० अंशांवर ठेवलेले रेझिन वरून कातडे धरते आणि आत ढगाळ होते. नवशिक्याकडून सर्वांत जास्त नुकसान येथेच होते.

चकतीवर ओळखीची खूण करायची असेल, तर ती भट्टीआधीच सुईने कोरावी. ग्लासी कार्बनच्या इतिहासातच या खुणेला महत्त्व आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथील कार्बोरंडम कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकाच्या मध्यास बर्नार्ड रेडफर्न काम करत होते. भट्टीत नमुने धरून ठेवण्यासाठी लावलेली चिकटपट्टी निष्क्रिय वायूत तापल्यावरही आपला आकार टिकवून राहते हे त्यांच्या लक्षात आले, आणि तेथून शोध घेत ते रेझोल रेझिनपर्यंत पोहोचले. पुढे ते प्लेसी कंपनीत गेले. तेथे ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणाकडून ‘अशीच दुसरी करून द्या’ म्हणून एक मूस आली, आणि कच्च्या अवस्थेत आपणच कोरलेल्या खुणा तिच्यावर पाहून त्यांनी ती आपली म्हणून ओळखली. पेटंटचा अर्ज ११ जानेवारी १९६० रोजी झाला. वस्तू पाव भागाने आकसली, वजनाने जवळजवळ निम्मी झाली, तरी कोरलेले अक्षर वाचता येते, यावरून हे रेझिन भट्टीत कधीच वितळत नाही हे दिसते. या न वितळण्यामुळेच कार्बनच्या थरांना एकमेकांवर नीट रचून घेता येत नाही. रोझलिंड फ्रँकलिन यांनी १९५१ मध्ये कार्बनचे ग्रॅफाइट होणारे आणि न होणारे असे दोन वर्ग दाखवले. ग्लासी कार्बन दुसऱ्या वर्गातला आहे आणि ३००० अंशांवरही त्याचे ग्रॅफाइट होत नाही.

आता भट्टी. चकती दोन सपाट ग्रॅफाइट पट्ट्यांमध्ये ठेवावी, म्हणजे ती वाकत नाही. वरची पट्टी हलकी असावी आणि पट्ट्यांवर ग्रॅफाइटची पूड भुरभुरावी. आकसताना चकतीला मोकळेपणाने सरकता आले पाहिजे, कुठे चिकटली तर ती तडकणारच. नळीच्या भट्टीतून आर्गॉन हा निष्क्रिय वायू सोडून आधी सगळी हवा बाहेर काढावी आणि शेवटपर्यंत आर्गॉनचा मंद प्रवाह चालू ठेवावा. बाहेर पडणाऱ्या वायूत फिनॉल, मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड असतात, म्हणून ती नळी थेट धूर खेचणाऱ्या कपाटात न्यावी. बंद खोलीत आर्गॉन साचूनही माणूस गुदमरतो, तेव्हा खोली हवेशीर असावी.

खोलीच्या तापमानापासून २०० अंशांपर्यंत तासाला १५ अंश या गतीने जावे. २०० ते ६०० अंश हा टप्पा निर्णायक आहे. यात रेझिनच्या साखळ्यांमधील दुवे तुटतात, बहुतेक वजन येथेच जाते आणि वायूचा लोंढाही येथेच असतो. या टप्प्यात तासाला ४ अंशांपेक्षा अधिक गती ठेवू नये. म्हणजे केवळ या चारशे अंशांना १०० तास, चार दिवसांहून अधिक लागतात. ६०० ते १००० अंशांत मुख्यतः हायड्रोजन निघतो आणि आकसणे चालू राहते, तेथे तासाला २० अंश चालतील. १००० अंशांवर दोन तास ठेवून तासाला ६० अंशांपेक्षा कमी गतीने थंड करावे, आणि १०० अंशांच्या खाली येईपर्यंत नळी उघडू नये.

जाडीच्या बाबतीत मी स्वतः एकदा हट्ट केला होता. ८ मिलिमीटर जाडीची चकती याच वेळापत्रकाने भट्टीत घातली. उघडल्यावर पट्ट्यांमध्ये शंखाच्या तुकड्यांसारखे वक्र, काळे, चमकदार कपचे पडलेले होते, आणि प्रत्येकाची धार काचेइतकी तीक्ष्ण होती. वायूला मधल्या भागातून पृष्ठभागापर्यंत येण्यास लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी चौपट केली, तर वेळ सोळापट लागतो, आणि तितका मी दिला नव्हता. अनुभवी कारखान्यांनाही काही मिलिमीटरच्या पलीकडे जाणे अवघड जाते, म्हणूनच ग्लासी कार्बनच्या मुशा नेहमी पातळ भिंतींच्या असतात.

तयार चकती प्रथम तोलावी. वरील मापाच्या रेझिनच्या चकतीचे वजन ०.३२ ग्रॅमच्या आसपास असते आणि भट्टीनंतर ते ०.१८ ग्रॅमच्या आसपास यावे. मापांवरून घनता काढली, तर ती दर घन सेंटिमीटरला १.४५ ते १.५ ग्रॅम यावी. ग्रॅफाइटची घनता २.२६ असते, त्यामानाने हा पदार्थ हलका आहे, कारण त्यात अतिसूक्ष्म बंद पोकळ्या असतात. वायू मात्र त्यांतून आरपार जात नाही. घनता १.४ च्या खाली आली, तर आत बुडबुडे आहेत असे समजावे. चकती काचेवर अलगद टाकली असता खणखणीत आवाज यावा. बद्द आवाज आला, तर डोळ्यांना न दिसणारी चीर आहे.

इलेक्ट्रोडसाठी चकती ६०० आणि मग १२०० नंबरच्या पॉलिश पेपरवर पाणी घालून घासावी, त्यानंतर मऊ कापडावर अल्युमिनाच्या १, ०.३ आणि ०.०५ मायक्रॉनच्या पुडीने, दर वेळी भरपूर धुऊन, आरशासारखी करावी. पूड बदलताना कापडही बदलावे. शेवटी शुद्ध पाण्यात अल्ट्रासॉनिक यंत्रात एक-दोन मिनिटे ठेवून पोटॅशियम फेरिसायनाइडच्या द्रावणात चक्रीय व्होल्टॅमेट्री, म्हणजे व्होल्टेज पुढे-मागे फिरवत प्रवाह मोजण्याची चाचणी, करावी. आलेखातील प्रवाहाच्या दोन शिखरांमधील अंतर आदर्श स्थितीत ५९ मिलिव्होल्टच्या आसपास असते. ते ८० च्या आत आले, तर इलेक्ट्रोड कामास घ्यावा. शंभराच्या पुढे गेले, तर आधी ०.०५ मायक्रॉनच्या पुडीने पुन्हा पॉलिश करून पाहावे आणि त्यानंतरही फरक पडला नाही, तरच भट्टीतील आर्गॉनच्या शुद्धतेकडे वळावे.