गावच्या घराला वाळवी लागू नये म्हणून काय बघायचं

कोकणात वाळवी कधी येणारच नाही असा उपाय नाही, आणि तशी खात्री जो देतो त्याला ॲडव्हान्स देऊ नका. आपल्या हातात एवढंच आहे की ती वाशांपर्यंत पोचायच्या आधी आपल्याला दिसली पाहिजे. आपली निम्मी घरं गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर कुलूपबंद असतात, आत काळोख, भिंतींना ओल, म्हणजे तिला रान मोकळंच.

आधी ती वाळवीच आहे ना हे बघा. लाकडाला बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर तो भुंगा, त्याला जमिनीत औषध मारून उपयोग नाही, लाकडालाच लावावं लागतं. आपल्याकडची जमिनीतली वाळवी भुसा पाडत नाही, तिला उजेड आणि कोरडी हवा चालत नाही म्हणून ती भिंतीवरून मातीच्या नळ्या काढत चढते, आणि जुन्या घरात चिऱ्यांच्या सांध्यात माती भरलेली असेल तर बाहेर नळी न काढता आतूनच वर जाते. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्यावर पंखवाले किडे, म्हणजे पंख फुटलेली वाळवी, येतात ते बाहेरून येऊ शकतात, पण बंद घर उघडल्यावर खिडकीच्या कठड्यावर नुसत्या पंखांचा ढीग दिसला तर घरातच कुठेतरी बिऱ्हाड आहे असं समजा.

आता मुख्य मुद्दा, लाकूड आणि माती यांची गाठ पडू द्यायची नाही. जुन्या लोकांनी लाकडी खांब कधी जमिनीत पुरले नाहीत, खाली दगडाचा तळखडा ठेवून त्यावर खांब उभा केला, वाळवी चढली तर दगडावरून जाताना नळी दिसते. हल्ली रिनोव्हेशनमध्ये शेणाची जमीन काढून भर टाकतात, वर लादी बसवतात, आणि अर्धा फूट उंची वाढली की तळखडा लादीखाली गेला आणि खांबाचा पाय थेट भरावात! वरून सगळं चकाचक दिसतं आणि खांब आतून पोकळ होत जातो. लादी बसवायचीच असेल तर खांबाभोवती तळखडा दिसेल एवढी जागा मोकळी ठेवा, गवंडी म्हणेल बरं दिसत नाही, म्हणू दे. दाराच्या चौकटीचंही तेच, तिचे पाय कोब्याच्या खाली जाता कामा नयेत.

बाहेरून जोतं किमान वीतभर तरी उघडं दिसलं पाहिजे. मातीचा भराव, भिंतीला टेकवलेला लाकूडफाटा, पावसाळ्यात पडवीला बांधलेले आणि दसऱ्यानंतरही न सोडलेले झाप, हे सगळं आडोसा देणारं. सगळ्यात वाईट म्हणजे सीझन संपल्यावर पडवीत रचून ठेवलेले आंब्याचे रिकामे खोके, आत पेंढा तसाच, तिला आवडणारं यापेक्षा काही नाही. पागोळ्यांचं पाणी भिंतीवर उडत असेल तर पन्हळ लावा, फुटलेली कौलं मे महिन्यातच बदला, कारण वर ओल मिळाली की ती माळ्यावर पण टिकते.

घरात कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. सातबारा, फेरफार, खरेदीखतं असली कागदपत्रं जमिनीवर ठेवलेल्या लाकडी पेटीत नकोत, पत्र्याच्या ट्रंकेत आणि ट्रंक लोखंडी स्टँडवर. फोटोफ्रेम, कॅलेंडर, मीटरचा बोर्ड यांच्या मागे बघायचं लोक हमखास विसरतात. चौकटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, आवाज पोकळ आला की टोक दाबून बघा. नळी सापडली तर थोडीशीच फोडा आणि दोनतीन दिवसांनी परत बघा, बुजवली असेल तर वाहती आहे, म्हणजे आत वाळवी अजून ये-जा करते आहे. रागाने सगळ्या नळ्यांवर स्प्रे मारू नका, वरच्या चार मरतात आणि बाकीच्या दुसरी वाट काढतात, शिवाय पेस्ट कंट्रोलवाल्याला रस्ता सापडत नाही.

पेस्ट कंट्रोल पाऊस गेल्यावर करा, भिजलेल्या जमिनीत औषध मुरत नाही. लादी आणि भिंतीच्या कोपऱ्यात साधारण फुटाफुटावर १२ एमएमची भोकं पाडतात, ती खालच्या मातीपर्यंत गेली तरच अर्थ आहे, नुसतं लादीला भोक पाडून औषध सोडणारे बरेच. डबा आपल्यासमोर फोडायला लावा. क्लोरपायरिफॉस २० टक्के असेल तर १ लिटरला १९ लिटर पाणी, पातळ केलं की पैसे पाण्यात. इमिडाक्लोप्रिड या दुसऱ्या औषधाला वास जवळपास नसतो आणि वाळवीला ते कळत नाही, राहत्या घरात मला ते बरं वाटतं. पण विहीर जोत्याजवळ असेल तर त्या बाजूला जमिनीत औषध नकोच, जांभ्यातून सगळं झिरपतं. नवीन घर बांधत असाल तर जोत्याच्या भरावावर कोबा घालायच्या आधी दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण मारून घ्या, आणि सेंटरिंगच्या फळ्यांचे तुकडे, झाडांची मुळं भरावात राहिली नाहीत ना ते स्वतः उभं राहून बघा.

लाकूड घेताना साग, फणस, ऐन यांचा गाभा घ्या, कडेचा पांढरा भाग कुठल्याही झाडाचा असो वाळवी खाते. काजूच्या टरफलांचं तेल वाशांना लावायची पद्धत चांगली आहे, काळं पडतं पण टिकतं, फक्त हातमोजे घाला, कातडी सोलून निघते. रॉकेल, डिझेल लावू नका, वास गेला की असरही गेला, वर आगीची भीती.

परड्यातल्या लांबच्या वारुळाच्या मात्र मागे लागू नका. आपल्याकडे सातेरी देवी वारुळाच्या रूपातच पुजतात, आणि ते सोडा, वारुळात जनावर, म्हणजे साप, असू शकतं.

मुंबईला परतताना चावी शेजारच्या काकांकडे द्याच, पण नुसतं "लक्ष ठेवा" सांगून होत नाही. त्यांना खांबांचे पाय, माजघराची चौकट आणि माळा एवढं दाखवून ठेवा आणि पावसात महिन्यातून एकदा त्याच जागांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा, मागचा फोटो शेजारी ठेवला की नवीन नळी लगेच कळते.