मृग बरसला, आता बांधीतल्या मागूरला सांभाळा

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे भाताचे पऱ्हे (रोपं) टाकून झाले, पाऊस लागला की मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव) आणि बोड्यांतला (लहान तळ्यांतला) गावठी मागूर मासा अंडी घालायला बांधीतल्या, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरातल्या, उथळ पाण्याकडे सरकतो. जून ते ऑगस्ट हा त्याचा विणीचा काळ. बांधाकडेच्या गवताआड मादी लहानशा खळग्यात अंडी घालते. ती चिकट असल्याने मुळांना, काड्यांना धरून राहतात आणि नर तिथेच राखण करतो. म्हणून रोवणीच्या घाईतही बांधाकाठचं सगळं गवत खरवडून काढू नका. पाणी भरतं तिथला हातभर रुंद पट्टा ऑगस्ट संपेपर्यंत तसाच राहू द्या.

पाणी गरम, साधारण २७-२८ अंश असेल, तर एका दिवसाच्या आसपास पिल्लं बाहेर येतात. या वयात त्यांना फार जपावं लागतं. मोठ्या मागूरच्या कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा लालसर अवयव असतो, त्यातून तो थेट हवा घेतो. म्हणून चिखलातही तगतो. पिल्लांत हा अवयव तयार व्हायला दहा-बारा दिवस जातात. तोवर पाण्यातल्या प्राणवायूवरच त्यांची भिस्त, त्यामुळे बांधीचं पाणी अचानक सोडून देऊ नका. ब्युटाक्लोरसारखं तणनाशक माशांना घातक आहे. ते मारलेल्या बांधीचं पाणी बोडीत जाऊ देऊ नका आणि फवारणीचा पंप बोडीत तर कधीच धुऊ नका.

बोडीत मागूर पाळत असाल तर जलपर्णी पृष्ठभागभर पसरू देऊ नका, त्याला श्वासासाठी वारंवार वर यावं लागतं. पावसाच्या रात्री तो छातीच्या परांवर रेटा देत ओल्या जमिनीवरून सरपटत निघून जातो. काठाला बारीक जाळी उभी करा, तिचा तळ मातीत पुरा. पिल्लं लहान-मोठी एकत्र ठेवलीत तर मोठी लहानांना खातात. आकारानुसार वेगळी करा.

बीज, म्हणजे माशांची पिल्लं, विकत घेताना मात्र डोळ्यांत तेल घाला. स्वस्तात, झपाट्याने वाढणारं म्हणून जे गळ्यात मारलं जातं ते बहुतेकदा थाई मांगूर असतं. तो मूळचा आफ्रिकेतला, खादाड, मांसाहारी मासा. पुरात एकदा तलावात शिरला की गावठी मासे संपवतो. केंद्र सरकारने २००० सालीच त्याच्या पालनावर बंदी घातली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर राज्यात साठे नष्ट करण्याच्या कारवायाही झाल्या. माझं स्पष्ट मत आहे, बिलावर जातीचं नाव लिहून न देणाऱ्याकडून एक पिल्लूही घेऊ नये. शंका आली तर तलावात सोडण्याआधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवा.

गावठी मागूर बहुधा वीत-दीड वीत भरतो. धरताना छातीच्या परांचे काटे टाळा, टोचले तर चांगलीच आग होते. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याने ठणका कमी होतो. सूज चढत गेली तर दवाखाना गाठा.