जुन्या फर्निचरला नवा रंग: कमी खर्चात, पण एकदाच

जुने टेबल, कपाट किंवा खुर्ची रंगवायची ठरली की घरात पहिली चर्चा सुरू होते ती कोणता रंग द्यायचा याची. वास्तविक हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. या कामात पैसे वाया जातात ते महागडा रंग घेतल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा नीट तयारी न करता दिलेला रंग चारसहा महिन्यांत पोपडे धरतो, मग तो खरवडून पुन्हा रंगवावे लागते आणि एकाच वस्तूवर दुप्पट खर्च होतो. म्हणून पुढील सर्व सूचना एकाच हिशेबाने दिल्या आहेत: काम एकदाच करावे लागले पाहिजे.

वस्तू निवडताना ती आधी दोन्ही हातांनी धरून हलवून पाहावी आणि मग उलटी करून तळ तपासावा. सांधे ढिले झाले असतील तर काळजीचे कारण नाही, कारण ते घरी बसवता येतात. लाकडाला बारीक छिद्रे असून त्यांतून पिठासारखी भुकटी गळत असेल, तर आत कीड जिवंत असण्याची शक्यता असते आणि तिचा बंदोबस्त झाल्याशिवाय रंगाचा विचार करू नये. भुसा दाबून केलेल्या फळीची कड पाणी लागून एकदा फुगली की ती पुन्हा बसत नाही, रंगाने तर मुळीच झाकली जात नाही. अशा वस्तूवर वेळ न घालवलेला बरा. चांगल्या घन लाकडाच्या, सुंदर रेषा असलेल्या वस्तूला केवळ ती काळवंडली आहे म्हणून रंग फासणे मला व्यक्तिशः पटत नाही. तिला स्वच्छ करून पॉलिशचा एक हात दिला तरी ती उजळते, आणि लाकडाच्या छिद्रांत मुरलेला रंग पुढे काढायचा म्हटले तर नाकी नऊ येतात.

दुरुस्ती रंगापूर्वी पूर्ण करावी. ढिल्या सांध्यात जुन्या गोंदाचा थर तसाच असताना वरून नवा गोंद ओतला तर तो लाकडाला धरत नाही, म्हणून सांधा शक्य तितका उघडून जुना गोंद खरवडून काढावा. लाकूड जोडण्याचा शिकंजा विकत घेण्याची गरज नाही. खुर्चीच्या चारही पायांभोवती दोरीचे दुहेरी वेढे घालावेत, त्या वेढ्यांच्या मधून एक काठी घालून ती पिळत जावी, आणि सांध्यातून गोंदाचा बारीक थेंब बाहेर डोकावला की काठी आडव्या पट्टीला अडकवून रात्रभर तशीच ठेवावी. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसावा, कारण वाळलेल्या गोंदावर रंग सारखा बसत नाही. खिळ्यांची भोके आणि खोचा बुजवण्यासाठी त्याच लाकडाचा बारीक भुसा गोंदात कालवून केलेली लुकण रंगाखाली उत्तम चालते. ती वाळताना आकसते, म्हणून किंचित वर येईल अशी भरावी आणि नंतर घासून सपाट करावी.

मुठी, बिजागऱ्या आणि कड्या काढून ठेवाव्यात. त्यानंतर येते धुणे, आणि नेमकी हीच पायरी लोक टाळतात. खणाच्या मुठीभोवतीचा भाग किंवा खुर्चीच्या पाठीची वरची पट्टी पाहा: वर्षानुवर्षे हात लागून तिथे तेलकट थर बसलेला असतो. तो न काढता घासायला सुरुवात केली तर तेल निघत नाही, उलट लाकडात अधिक खोल दाबले जाते आणि रंग पहिल्यांदा तिथूनच सुटतो. कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण घालून, पिळलेल्या फडक्याने पुसावे, मग साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढावा आणि एक दिवस वाळू द्यावे. लाकडावर पाणी ओतू नये.

घासण्याचा उद्देश जुना रंग समूळ काढणे हा नसून त्याची चकाकी मोडणे हा आहे, हे लक्षात घेतले तर निम्मे कष्ट वाचतात. जुना थर घट्ट असेल तर १२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने एकदा आणि २२० क्रमांकाच्या पेपरने दुसऱ्यांदा, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासणे पुरेसे होते. सुटलेले पोपडे मात्र काढलेच पाहिजेत. प्लायवर चिकटवलेला लाकडी पापुद्रा कित्येकदा एक मिलिमीटरही जाड नसतो, त्यामुळे कडांपाशी हात हलका ठेवावा. येथे एक गंभीर सूचना आहे. जुन्या काळच्या तैलरंगांत शिसे वापरले जात असे. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, अनेक देशांत ती त्याहून बरीच उशिरा आली. वस्तू खूप जुनी असून तिच्यावर रंगाचे अनेक थर असतील तर कोरडे घासणे टाळावे. अशा वस्तूच्या रंगाची आधी तपासणी करून घ्यावी, आणि ती शक्य नसेल तर ती वस्तू न घासलेलीच बरी, विशेषतः घरात लहान मुले असतील तर.

धूळ ओलसर फडक्याने टिपून घेतल्यावर प्राइमर, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून त्याच्याखाली द्यायचा थर, द्यावा. बचत करायची म्हणून अनेकजण प्राइमर गाळतात. मीही एकदा गाळला होता. गडद लाकडाच्या एका लहान कपाटाला मी थेट पांढरा रंग दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर चहा सांडल्यासारखे पिवळट तपकिरी डाग उमटलेले दिसले. वरून आणखी दोन हात दिले तरी डाग पुन्हा वर आले, कारण लाकडातील टॅनिन हे नैसर्गिक द्रव्य पाण्यात विरघळते आणि पाण्यावर आधारित रंगाच्या प्रत्येक ओल्या थराबरोबर पृष्ठभागावर येते. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा एक पातळ हात मध्ये दिला आणि डाग थांबले. गडद लाकूड किंवा गाठी असलेले लाकूड फिक्या रंगात रंगवायचे असेल तर हा लाखेचा हात आधीच द्यावा. स्पिरिट चटकन पेट घेते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास विस्तव नसावा. लोखंडी वस्तूसाठी गंज तारेच्या ब्रशने काढून रेड ऑक्साइड प्राइमर द्यावा.

आता रंग. जुना थर कोणत्या जातीचा आहे हे ओळखण्यासाठी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एका कोपऱ्यात चोळावा. बोळ्याला रंग लागला तर थर बहुधा पाण्यावर आधारित असतो, मुळीच लागला नाही तर तैलरंग समजावा. चकचकीत तैलरंगावर पाण्यावर आधारित रंग देता येतो, पण घासणे आणि प्राइमर यांना तिथे पर्याय नाही. घरच्या कामासाठी मी पाण्यावर आधारित इनॅमल, म्हणजे वाळल्यावर कठीण थर देणारा रंगच सुचवेन, कारण त्याला वास कमी येतो आणि ब्रश पाण्यानेच धुता येतात.

किती रंग लागेल याचा हिशेब आधी करावा. १ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद टेबलाचा वरचा भाग, पाय आणि बाजूच्या पट्ट्या मिळून क्षेत्रफळ साधारण दीड चौरस मीटर होते. एका लिटरमध्ये एका हाताने १० ते १२ चौरस मीटर भाग झाकला जातो असे धरले, तर दोन हातांसाठी पाव लिटर रंग जेमतेम पुरतो किंवा थोडा कमीही पडतो, आणि अर्धा लिटर निश्चितच पुरून उरतो. घरात आधीचे उरलेले डबे असतील तर वरची साय काढून रंग जुन्या पातळ कापडातून गाळून घ्यावा. आंबट किंवा कुजकट वास येत असेल तर तो वापरू नये. एकाच जातीचे उरलेले रंग एकमेकांत मिसळता येतात, पण सगळा रंग एकदाच कालवावा, कारण तीच छटा दुसऱ्यांदा साधत नाही.

सपाट भागासाठी फोमचा लहान रोलर आणि कोपऱ्यांसाठी ब्रश घ्यावा. ब्रशवर मात्र काटकसर करू नये, कारण स्वस्त ब्रशचे केस गळून रंगात अडकतात. एक जाड हात देण्यापेक्षा दोन किंवा तीन पातळ हात द्यावेत आणि दोन हातांच्या मध्ये ३२० क्रमांकाच्या पेपरने अगदी हलके घासावे. खणांच्या बाजूंना आणि ते जिथे सरकतात त्या पट्ट्यांना रंग देऊ नये. प्राइमर आणि तीन हातांची जाडी मिळून खण अडकतो. तिथे मेणबत्ती घासली की तो सहज सरकतो.

हाताला कोरडा लागणारा रंग आतून कच्चाच असतो. स्पर्शाला तो काही तासांत वाळतो, परंतु पूर्ण कठीण व्हायला दोन ते चार आठवडे लागतात आणि दमट हवेत त्याहूनही अधिक. तोपर्यंत टेबलावर जड वस्तू किंवा पुस्तकांचे गठ्ठे ठेवू नयेत, नाहीतर उचलताना त्यांच्याबरोबर रंगही निघतो. मुठी बसवायला मात्र दोन दिवस थांबले तरी पुरते. उरलेला रंग मोठ्या डब्यात तसाच न ठेवता काठोकाठ भरेल अशा लहान बरणीत ओतावा, म्हणजे आत हवा कमी राहून साय धरत नाही, आणि पुढे कुठे टवका उडाला तर त्याच छटेचा रंग हाताशी राहतो.